बोलत्या तारेची जोखीम

रायपूरच्या आमच्या घराच्या अंगणात दोन बांबू उभे होते आणि त्यांच्यामध्ये तांब्याची एक तार ताणलेली होती. तारेच्या दोन्ही टोकांना अंड्याच्या आकाराचे चिनीमातीचे इन्सुलेटर. तिला जोडलेली दुसरी तार खिडकीच्या चौकटीतून आत येई आणि वडिलांच्या रेडिओच्या पाठीमागे जाई. मात्र ती सरळ जात नसे. खिडकीपाशी लाकडी पाटीवर तांब्याच्या पात्याचा एक स्विच बसवलेला होता. पाते वर केले म्हणजे एरियल रेडिओला मिळे. खाली ओढले म्हणजे तीच तार अंगणात पुरलेल्या लोखंडी नळाला, म्हणजे जमिनीला, मिळे. वळवाची पहिली गडगड कानी आली की, आणि एरवीही रात्री निजण्यापूर्वी, ते पाते खाली ओढायचे, असा घरातला दंडक होता. छत्तीसगडात जेठातल्या संध्याकाळी वीज कशी कोसळते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दंडकाचे कारण सांगायला नको. एका वर्षी आमच्याच गल्लीतल्या एका घरात पाते वरच राहिले. त्यांच्या रेडिओतून जळक्या लाखेचा वास कितीतरी दिवस जात नव्हता.

आकाशवाणीचे रायपूर केंद्र २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झाले. तोपर्यंत आमचे कान नागपूरकडे लागलेले असत. नागपूर केंद्र १९४८ मधले. आणि १९५६ पर्यंत रायपूर ज्या राज्यात होते त्याची राजधानीही नागपूरच. तेव्हा रायपूरच्या मराठी घरांतून रात्री नागपूर ऐकणे हे नातेवाइकांची ख्यालीखुशाली घेण्यासारखेच होते. दिवसा ते केंद्र धड लागत नसे, रात्री कधी स्वच्छ, कधी खोल विहिरीतून बोलावे तसे ऐकू येई. त्याबद्दल दरसाल पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. नुसते ऐकण्यासाठी सरकारचा परवाना कशाला, असा प्रश्न मी वडिलांना विचारला होता. ते म्हणाले, "हवालदारकाकांना विचार."

हे हवालदारकाका पोलिसांच्या बिनतारी विभागात होते आणि त्यांची बरीच नोकरी बस्तरात गेली होती. सुट्टीवर रायपूरला आले की आमच्या ओट्यावर बसत. त्यांनी मला पहिला धडा दिला तो असा : "बाळ, तुझ्या वडिलांची तार ही नुसता कान आहे. माझी तार बोलते. कानाला एक वीजच बाधते. तोंडाला शंभर बाधा." त्या शंभर बाधांचा इतिहास आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावा असे मनात आहे.

प्रथम, ही बोलती तार हवी तरी कशाला? रायपूरहून जगदलपूरला निघाले म्हणजे कांकेरच्या पुढे केशकालचा घाट लागतो. त्याच्या पलीकडे, पश्चिमेला, अबूझमाडचे डोंगर आहेत. अगदी आखूड लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात. डोंगर आडवा आला की अडतात. मध्यम लहरी जमिनीला धरून काही अंतर जातात आणि क्षीण होतात. दहा ते शंभर मीटर लांबीच्या ज्या लघुलहरी, त्यांचा स्वभाव निराळा. त्या आभाळाकडे जातात, शंभर ते तीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर आयनांबराचे जे थर आहेत तेथून वळतात आणि पुन्हा खाली येतात. तार जमिनीपासून फार उंच नसली तर लहर जवळजवळ उभी वर जाते आणि पावसासारखी सभोवार उतरते, म्हणजे डोंगर आडवा येण्याचा प्रश्नच उरत नाही. कमी कोनात सोडली तर तीच लहर समुद्र ओलांडते. तिला दिवसा एक लांबी मानवते, रात्री दुसरी. काका म्हणत, दिवसाची लहर आणि रात्रीची लहर या जावा-जावा आहेत. एकीच्या वेळी दुसरी स्वयंपाकघरात येत नाही.

आता बाधा. त्या काळच्या यंत्रात व्हॉल्व्ह असत आणि त्यांना हजार-हजार व्होल्टचा दाब लागे. यंत्र बंद केले तरी त्यातले कंडेन्सर तो दाब धरून ठेवतात. म्हणून आत हात घालण्यापूर्वी लाकडी दांडीला बांधलेली, जमिनीशी जोडलेली तार आतल्या प्रत्येक टोकाला लावून घ्यायची, आणि मग एक हात पाठीमागे ठेवून दुसऱ्यानेच काम करायचे. दोन्ही हात गुंतले तर वीज एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हातात जाते. एरियलचे टोक हे आणखी एक प्रकरण. संदेश जात असताना तेथे मोठा दाब असतो, पण त्याचा झटका घरातल्या विजेसारखा बसत नाही, तो भाजतो. बोटावर पांढरा ठिपका पडतो आणि जखम आतून लवकर भरत नाही. काकांच्या उजव्या तर्जनीवर असा एक व्रण होता. एरियल माणसाच्या हाताला लागणार नाही इतकी उंच हवी, आणि विजेच्या तारांच्या वर, खाली वा जवळ कधीही नको. दोर तुटून ती पडली तरी त्या तारांना शिवता कामा नये. जमिनीत पुरलेल्या कांबीकडे जाणारी तार जाड, आखूड आणि सरळ हवी. आजची यंत्रे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात म्हणून लोक निर्धास्त होतात. परंतु एरियलचे टोक अजून तसेच भाजते, आणि बॅटरीची दोन टोके चुकून जुळली तर तार लाल होऊन आग लागायला क्षणही लागत नाही.

या सगळ्या बाधा शास्त्राच्या. एक बाधा शास्त्राची असून शास्त्राबाहेरची आहे. जो बोलतो तो आपण कोठे आहोत हेही सांगत असतो. ऐकणारा कोण, ऐकतो आहे की नाही, हे कोणालाच कळत नाही. बोलणाऱ्याचा ठिकाणा मात्र फिरत्या एरियलने काढता येतो : एका जागेवरून आवाजाची दिशा घ्यावी, दुसऱ्या जागेवरून घ्यावी, नकाशावर दोन रेघा ओढाव्यात; जेथे छेदतील तेथे बोलणारा बसला आहे. माझ्या परवान्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे होते. सरकारला लोकांच्या कानाची चिंता फारशी नसते. कानाला केव्हा तोंड फुटेल, ही तिची चिंता.

आपल्या मुलखात लघुलहरींचे पहिले मोठे दुतर्फा ठाणे सरकारच्याच सोयीसाठी उभे राहिले. ते पुण्याजवळ खडकीला आणि दौंडला. मार्कोनी कंपनीच्या शलाका पद्धतीने, म्हणजे लहरी चोहीकडे न उधळता कंदिलाच्या झोतासारख्या एकाच दिशेला सोडण्याच्या पद्धतीने, इंग्लंडशी बिनतारी तारांची ही वाट सप्टेंबर १९२७ मध्ये खुली झाली. तोंड खडकीला, कान दौंडला. इंग्लंडातही तोंड ग्रिम्स्बीजवळ आणि कान स्केग्नेसजवळ. दोहोंत एवढे अंतर का? कारण आपणच बोलत असताना आपल्या कानाशी ओरडलेले आपल्याला सोसत नाही. हजारो मैलांवरून आलेली कुजबुज त्या गलबल्यात बुडून जाते. आज लहान दुतर्फा यंत्रात एकच तार आळीपाळीने कान आणि तोंड होते, आणि म्हणून बोलणाऱ्याने आपले म्हणणे संपल्याची खूण करून गप्प बसावे लागते. दौंड म्हटले की आपल्याला जंक्शनवरचा चहा आठवतो. पण एके काळी साम्राज्याचा कान तेथे होता. १ मे १९३३ रोजी तर इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात बिनतारी टेलिफोनही सुरू झाला.

मौज अशी की त्याच १९३३ साली इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट संमत झाला. परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही त्यामुळे गुन्हा ठरला. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला; २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेतली. महायुद्ध सुरू होताच हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द झाले आणि त्यांना आपली यंत्रे सरकारजमा करावी लागली. तरी काही सुटे भाग उरलेच. त्यांतूनच १९४२ च्या ऑगस्टअखेर मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ उभा राहिला. त्याची कथा आपण ऐकलेली आहे, म्हणून मी येथे रेंगाळत नाही. एकच तपशील सांगतो. बावीस वर्षांच्या उषाबेन मेहता ज्या लहरीवर बोलत ती ४२.३४ मीटरची. हौशी मंडळी आजही ज्या पट्ट्यात एकमेकांना हाका मारतात त्याच पट्ट्यातली ती लहर. तिला लागणारी तार लहरीच्या निम्मी, म्हणजे वीसएक मीटर. गिरगाव-वाळकेश्वरच्या दाटीत वीस मीटर तार लपवायची आणि पोलिसांच्या फिरत्या यंत्रांना रेघ सापडण्यापूर्वी बिऱ्हाड हलवायचे, असे जेमतेम तीन महिने चालले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस दार फोडून आत आले. अखेर घात झाला तो नकाशावरच्या रेघांनी नव्हे. ज्या तंत्रज्ञाने यंत्र जुळवून दिले होते तोच पोलिसांबरोबर होता. उषाबेनना चार वर्षांची, बाबूभाई खाकरांना पाच वर्षांची सजा झाली.

परंतु जी कथा मला विशेष वाटते, आणि जी आपल्याकडे त्या मानाने कमी सांगितली जाते, ती गोव्याच्या सीमेवरची. तिचा आरंभ गोव्यात होत नाही, सिल्व्हासाला होतो. दादरा आणि नगरहवेली हे पोर्तुगिजांचे दोन तुकडे चहूबाजूंनी भारताच्या प्रदेशात वेढलेले. अशा ठिकाणच्या अंमलदाराला बिनतारी यंत्र म्हणजे केवढा आधार, याची कल्पना करावी. जुलै १९५४ मध्ये दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्व्हासा. त्या मोहिमेत राजा वाकणकर होते, सुधीर फडके होते, आझाद गोमंतक दलाचे तरुण होते; ज्यांचा आवाज आपण गीतरामायणात ऐकतो ते फडकेच. पोर्तुगीज अंमलदार गेले आणि मागे त्यांची दोन बिनतारी यंत्रे राहिली. साहेबाला साहेबाशी बोलता यावे म्हणून आणलेली ती यंत्रे मुंबईत जाणत्या मंडळींनी खोलली, फिरवली, आणि त्यांतून एक ध्वनिक्षेपक तयार केला.

पुढल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगिजांच्या गोळ्यांना वीसहून अधिक जण बळी पडले. सीमा बंद झाली, टपाल-तारांचे मार्ग तुटले. गोव्याच्या आत जे काय ऐकायला मिळे ते सरकारी 'एमिसोरा द गोवा'चे. तेव्हा २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडीवरच्या आंबोलीच्या रानातून एक नवा आवाज निघाला : 'व्हॉज द लिबेर्दाद', स्वातंत्र्याचा आवाज. पोर्तुगीज आणि कोकणी अशा दोन भाषांत. दिवसाची निवड मनात भरण्यासारखी आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजीच आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा जिंकले होते.

हा आवाज होता वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचा. यंत्र एका ट्रकवर बसवलेले. पुढे ते कॅसलरॉकच्या रानात, गोव्याच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावर, नेले. सहा वर्षे ते चालले. आता ज्यांनी आंबोलीचा पाऊस पाहिला आहे त्यांनी क्षणभर विचार करावा. वर्षाला सात मीटरांच्या घरात पाणी पडते. धुके खोलीत शिरते, आगपेटी पेटत नाही, कपड्यांना बुरशी येते. अशा हवेत हजार व्होल्टचे यंत्र! ओल हा इन्सुलेटरचा वैरी; चिनीमातीवर पाण्याचा पातळ थर बसला की शक्ती आभाळाकडे जाण्याऐवजी झाडात उतरते, आणि दाब सुकी वाट सोडून ओली वाट धरतो. झाडाला तार बांधावी तर वाऱ्याने झाड हलते आणि तार तुटते. तिला ढील द्यावी लागते. रानात वीजघर नाही, तेव्हा इंजिनावर चालणारे जनित्र. त्याचा धूर माणसांपासून दूर, तेल धुरापासून दूर, आणि त्याची घरघर मायक्रोफोनपासून दूर. वर आभाळात वीज. उंच माथ्यावर, सगळ्यांत उंच तारेखाली, लोखंडी ट्रकमध्ये बसून बोलायचे. रायपूरच्या आमच्या खिडकीतले ते पाते आठवले म्हणजे मला या दोघांचे अधिकच नवल वाटते. आमच्यापाशी पाते खाली ओढून निजण्याची मुभा होती. ठरल्या वेळी बोलायचे ज्याने कबूल केले आहे त्याला ती नसते. एक दिवस आवाज चुकला तर पलीकडे लपूनछपून ऐकणारे काय समजतील?

आणि ऐकणारे लपूनच ऐकत. म्हणून मघाशी म्हटलेला प्रश्न येथे पुन्हा येतो. गोव्यातून उत्तर येण्याची वाट नव्हती. हे काही खडकी-दौंडसारखे दुतर्फा संभाषण नव्हे. तरीही त्यात एक संवाद होताच. सरदेसाई आणि लोबो पोर्तुगीज नभोवाणी काय सांगते ते ऐकत, आणि आपल्या भाषणांतून त्याचे खंडन करीत. बाहेरच्या जगात गोव्याविषयी काय बोलले जाते, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत काय चालले आहे, हे गोवेकरांना सांगत. एका बाजूला सरकारी ध्वनिक्षेपण, दुसऱ्या बाजूला झाडीतला ट्रक, असा सवाल-जबाब सहा वर्षे रंगला. त्यांतील एका बाजूचे यंत्र मुळात दुसऱ्याच बाजूचे होते, ही गोष्ट मला फार आवडते.

१९६१ चा डिसेंबर आला. गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा पणजीत होते आणि त्यांचा धनी सालाझार लिस्बनमध्ये, हजारो किलोमीटरांवर. मधला धागा बिनतारी. त्याच धाग्यावरून १४ डिसेंबरला शेवटपर्यंत लढण्याचा, सैनिक आणि खलाशी विजयी तरी व्हावेत नाही तर मरावेत असा हुकूम आला. मरण्याचा हुकूम इतक्या दुरून इतक्या सहज देता येतो, हाही लघुलहरींचाच एक गुण म्हणायचा. इकडे स्वातंत्र्याचा आवाज संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा संदेश पुनःपुन्हा ऐकवीत होता : रक्तपात टाळा, शरण या.

१८ डिसेंबरच्या सकाळी बेळगावहून हंटर विमाने उडाली ती बांबोळीच्या बिनतारी ठाण्यावर आली. त्याच सकाळी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीची धावपट्टी फोडली. बांबोळीचे ठाणे पडताच गोव्याचे तोंड आणि कान दोन्ही गेले. उरले ते मुरगावच्या बंदरातील एक जुने लढाऊ जहाज. लिस्बनशी बोलण्याचे काम आता त्याच्या बिनतारी खोलीकडे आले. जहाजाचे नाव होते आफोंसो द आल्बुकेर्क.

दुपारी बाराच्या सुमारास भारतीय नौदलाची बेतवा आणि बियास ही जहाजे बंदरात शिरली. त्यांच्या साडेचार इंची तोफा चालू होत्या आणि त्याच वेळी शरण येण्याबद्दलचे संदेशही मोर्स लिपीत जात होते. उत्तर तोफांनीच आले. पंधरा-वीस मिनिटांत एक गोळा पोर्तुगीज जहाजाच्या अगदी वर फुटला. त्यात कप्तान आरागांव गंभीर जखमी झाले आणि जहाजाचा बिनतारी अधिकारी मारला गेला. काही वेळाने ते जहाज वळले आणि बांबोळीच्याच किनाऱ्याच्या वाळूत जाऊन रुतले. वरच्या बाजूला सकाळी उडवलेले बिनतारी ठाणे, खाली दुपारी मुकी झालेली बिनतारी खोली.

त्या अधिकाऱ्याविषयी मला शत्रुत्व वाटत नाही. काकांच्या ओट्यावरच्या गोष्टींत असलीच माणसे असत : कानाला फोन, बोट कळीवर, आणि बाहेर काय चालले आहे ते पाहण्याची सोय नाही. लिस्बनकडून मिळालेला शेवटचा शब्द आणि लिस्बनकडे गेलेला शेवटचा शब्द त्याच्याच हातातून गेला असणार. सालाझारच्या हुकमाप्रमाणे मरण पावलेल्या मोजक्या लोकांत तो एक. गव्हर्नरांनी तो हुकूम पाळला नाही. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी शरणपत्रावर सही केली आणि पणजी-मडगाव बेचिराख होण्यापासून वाचली. पोर्तुगालला परतल्यावर त्यांना त्याबद्दल सैन्यातून काढून टाकण्यात आले.

१९ डिसेंबरला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना भारतीय हवाई दलाच्या एका विमानात बसवण्यात आले. विमानाला ध्वनिवर्धक बांधलेला होता. गोव्यावर घिरट्या घालीत दोघांनी पोर्तुगीज आणि कोकणीत ओरडून सांगितले की गोवा मुक्त झाले आहे. सहा वर्षे ज्यांनी कोणाचेही तोंड न पाहता रानातून बोलण्यात घालवली, त्यांना त्या दिवशी खाली घरांतून बाहेर येणारी माणसे दिसत होती. पुढे ते दोघे विवाहबद्ध झाले. वामन सरदेसाई आता नाहीत. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली.

रायपूरला आम्ही ही बातमी रात्री नागपूरवरून ऐकली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. हवालदारकाका योगायोगाने सुट्टीवर आलेले होते, आणि रेडिओच्या जाळीला कान लावून बसले होते. बातम्या संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले की त्या रानातल्या ट्रकवर व्हॉल्व्ह कुठले होते, कोणाला ठाऊक आहे का? कोणालाच ठाऊक नव्हते. डिसेंबरातले आभाळ स्वच्छ होते. वडिलांनी त्या रात्री पाते खाली ओढले नाही, आणि बराच उशीर झाला तरी अंगणातली तार ऐकत राहिली.